टिंब नसलेला पंखा

पंख्याच्या बुंध्यावर टिंब नव्हतं. हेमराजनं चष्मा कपाळावर सरकवला, बाजाच्या पेटीच्या पट्ट्या तपासायचं भिंग डोळ्याला लावलं आणि तो दोन पात्यांचा पितळी पंखा खिडकीच्या उजेडात चिमटीत धरून सावकाश फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. बुंधा गुळगुळीत होता. रविवारची दुपार, सिंदी मेघे गावातलं स्वतःचं घर, समोर पाटावर पालथी घातलेली, रिमोटवर चालणारी हात-सव्वाहात लांबीची बोट, बाजूला ग्रीसची डबी, आणि आतल्या खोलीत शकुंतलाबाई गहू निवडत बसलेल्या. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त टिंब नव्हतं. आणि ते झिजून जाणाऱ्यातलं नव्हे. पोलादी सुई टेकवून वरून हातोडीचा एक हलका टोला दिला की पितळेत जो खड्डा पडतो तो माणसापेक्षा जास्त टिकतो. चाळीस वर्षांपूर्वी पेटीच्या दुकानात उस्तादानं शिकवलं होतं, पट्टी सुरात लागली की बुडाशी एक टिंब द्यायचं, म्हणजे पुढे कुणी पेटी उघडली तर त्याला कळावं की ही एका कानाखालून गेलेली आहे. हेमराजनं तेव्हापासून जेवढ्या पट्ट्या लावल्या तेवढी टिंबं दिली, आणि बोटीचे पंखे घासायला लागला तेव्हा हात आपसूकच सुईकडे गेला. नऊ पंखे घासले होते, नवांना टिंब होतं. मग हा दहावा कुणाचा?

खरं म्हणजे बोट आज त्याच्या घरी यायचीच नव्हती. ती राहायची अश्वजितच्या घरी. अश्वजित म्हणजे आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटरचा वर्ग शिकवून निवृत्त झालेला माणूस, हेमराजच्याच वयाचा. त्याच्याकडे बॅटरी चार्ज करायला चार्जर होता, व्हाइस होता, मोजायची सगळी हत्यारं होती. नवा पंखा घासून झाला की हेमराज तो शनिवारी त्याच्याकडे पोचता करायचा आणि रविवारी सकाळी जाम गावाच्या पुढच्या तलावावर बोट पाण्यात सोडायची वेळ आली की पंखा बसवलेलाच असायचा. आज मात्र अश्वजितला तिथूनच समुद्रपूरला भाचीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, जायचं होतं. "घरी ने तू," तो म्हणाला होता. "तशीच ठेवून देजो. खोलू-गिलू नको, मी येतो संध्याकाळी." खोलू नको. पण पाण्यातून आलेल्या बोटीची पंखा फिरवणारी दांडी ओढून, पुसून, ग्रीस लावून ठेवली नाही तर ती रात्रभरात गंजते. देवाची उपकरणी घासल्याशिवाय ज्याला जेवण गोड लागत नाही असा माणूस ती ओली दांडी तशीच कशी ठेवील? दांडी ओढायची म्हणजे आधी पंखा काढायला लागतो. त्यानं काढला. सवयीनं अंगठा बुंध्यावर फिरवला, आणि अंगठ्याला जे लागायला हवं होतं ते लागलं नाही. चूक झालीय माझीच, असं तो आधी स्वतःशी म्हणाला. मग त्यानं पात्यांवरच्या कानशीच्या रेघा पाहिल्या. हेमराज डावखुरा. त्याच्या रेघा डावीकडून खाली उतरतात. या रेघा सरळ होत्या, एकसारख्या, शाळेतल्या दुरेघी वहीसारख्या. त्या रेघा कुणाच्या हातच्या आहेत हे ओळखायला भिंगाची गरज नव्हती.

बोट बांधायला त्या दोघांना एक अख्खा हिवाळा लागला होता. अश्वजितनं कागदावर आकृती काढली, पातळ प्लायवूडच्या फासळ्या कापल्या. हेमराजनं त्या कण्यावर एकेक करून बसवल्या, कारण पेटीचा भाता आणि खोकं जोडून जोडून त्याच्या बोटांना सांधा कळत होता. वरून फायबरचं कापड, त्यावर रेझिन, मग पॉलिश पेपरनं इतकं घासायचं की तळहाताला तळ पाण्यासारखा वाटावा. त्या दिवसांत अश्वजितच्या अंगणात दोघं खोकत बसायचे, अंगावर पांढरी भुकटी. अश्वजितची सून चहा आणून म्हणायची, "दोन्ही बाबा भस्म लावून बसले पाहा." बोट पहिल्यांदा तलावात सोडली तेव्हा ती वेग घेतला की कडेकडेनं डुलायला लागली, दारू प्यायल्यासारखी, आणि तिसऱ्या फेरीत उलटली. मग अश्वजितनं बॅटरी दोन बोटं मागे सरकवली, मागच्या फळ्या केसभर खाली वाकवल्या, आणि डुलणं गेलं. मोटर तापू नये म्हणून सुकाणूच्या पायाशी एक बारीक नळी होती. बोट धावली की वेगानंच पाणी त्या नळीतून वर चढायचं, मोटरीभोवती आणि तिला वीज पुरवणाऱ्या डबीभोवती फिरून बाजूच्या भोकातून बारीक धारेनं बाहेर पडायचं. ती धार दिसली की हेमराजला फार बरं वाटायचं, गाय दूध देऊ लागल्यासारखं. हे सगळं अश्वजितचं. पण पंखा हेमराजचा. पंखा कसा घासायचा यावरून पहिल्याच आठवड्यात वाद झाला होता. अश्वजित म्हणे मोजून घासू, हेमराज म्हणे ऐकून. पेटीची पट्टी टोकाकडून खरवडली की सूर चढतो, बुडाकडून खरवडली की उतरतो. पंख्याचं पातंही पितळच आहे, तेही टोकाला पातळ केलं की मोटर वर चढते. मग ती पाण्यात असताना कुठल्या सुराला लागते ते ऐकायचं, आणि पेटीवरच्या काळी दोनच्या सुराला आली की थांबायचं. देवळातले कीर्तनकार भैय्याजी महाराज त्याच सुरात कीर्तनाला उभे राहायचे, आणि पेटीवर हेमराज असायचा. अश्वजित हसला होता. "मले सा अन् रे मधला फरक नाई समजत बाप्पा. तुह्या कानावर माहा भरोसा. तू घास."

तुह्या कानावर माहा भरोसा. गेली दोन वर्षं हेमराज त्या एका वाक्यावर जगला होता असं म्हटलं तरी चालेल. रविवारी तो काठावर डोळे मिटून उभा राहायचा, हातात रिमोट, बोट एकमेकांपासून चाळीस मीटरवर रोवलेल्या दोन बांबूंच्या मधून जायची, पलीकडच्या बांबूशी अश्वजित स्टॉपवॉच घेऊन उभा. "तीन पॉइंट एक!" तो ओरडायचा. जामला टायरचं दुकान असलेल्या धर्मेंद्रची बोट बाहेरून मागवलेली, चकचकीत, तिला साडेतीन सेकंद लागायचे. धर्मेंद्र चिडवायचा, "काका, मोटरीत अभंग भरता काय हो तुमी?" आणि हेमराज हसून म्हणायचा, "अभंग नाई रे, कान भरला." घरी येताना छाती अशी फुगलेली असायची की बसमध्ये तिकीट काढतानाही तो कंडक्टरला सांगायचा. तेच तीन पॉइंट एक आता या चिमटीत होते. सरळ रेघांचे. तो आकडा ज्यानं कमावला तो पंखा त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

"अव," त्यानं आत हाक मारली. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला. "हा पंखा कधी बसवला माहीत आहे का तुले?" गहू निवडणारा हात थांबला. म्हणजे थांबलेला त्यानं उंबऱ्यातून नुसता पाहिला, गव्हाचा आवाज हेमराजला आधीपासूनच येत नव्हता. शकुंतलाबाईंनी मान वर केली नाही. "मले काय समजते त्यातलं," त्या म्हणाल्या. "भाऊजी येतीन, त्यायले इचारा. जेवून तर घ्या आधी." जेवण तासाभरापूर्वी झालं होतं. बत्तीस वर्षांच्या संसारात या बाईनं त्याला वाढलेलं ताट कधी विसरलं नव्हतं. हेमराज उंबऱ्यातच उभा राहिला. सुपातला एक गहू उचलून त्या परत परत त्याच सुपात टाकत होत्या. तिलाही माहीत आहे, हे त्याला कळलं. आणि मग, दार उघडं राहिलं की वारा घरातली सगळी कागदं हलवतो तशी दोन वर्षांतली एकेक गोष्ट जागची हलू लागली. भजनी मंडळाची पेटी सप्ताहाआधी त्यानं सुरात लावून दिली, ती दोन दिवस देवळात नव्हती. कुणीतरी म्हणालं, भाता गळत होता म्हणून नेली. कीर्तनात त्याच्या डावीकडे मागच्या वर्षापासून रक्षा नावाची मुलगी दुसरी पेटी घेऊन बसू लागली. महाराज म्हणाले, "पोरीले शिकू द्या तुमच्या आधारानं." कानाच्या डॉक्टरकडे जाऊ म्हणून शकुंतलाबाई मागे लागल्या होत्या आणि एक दिवस अचानक मागे लागायच्या थांबल्या. त्याला वाटलं होतं, पटलं तिला.

अश्वजित दिवेलागणीच्या आधीच आला. पाटावरची उघडी बोट त्यानं पाहिली, मग हेमराजच्या समोर ठेवलेला तो पंखा, आणि चपला काढता काढता तो दारातच थांबला. "खोलू नको म्हतलं होतं ना तुले."

"गंजली असती दांडी."

"हाव," अश्वजित म्हणाला. "तू पुसल्याबिगर राह्यला नसताच." तो आत येऊन भिंतीला टेकून बसला. शकुंतलाबाईंनी पाणी आणलं. ते दोघांपैकी कुणी घेतलं नाही.

"माहे नऊ कुठी आहेत मास्तर?"

"डब्यात. जपून ठेवले आहेत."

"कधीपासून?"

अश्वजितनं डोळे मिटले. तीस वर्षं पोरांना मापाच्या दहाव्या हिश्शाबद्दल रागावणारा माणूस, उत्तर देताना तारीख चुकू नये म्हणून थांबला. "तिसऱ्या पंख्यापासून. त्या दिवशी तू काठावर उभा होता. मोटर अशी किंचाळून राह्यली होती की धर्मेंद्रनं कानावर हात ठेवले. बोट जागची हालेना. पातं इतकं पातळ केलं होतं तू, की ते पाण्याले धरतच नव्हतं, नुसतं कापून राह्यलं होतं. आन तू डोळे मिटून म्हणाला, लागला. काळी दोनले लागला. तुह्या डोळ्यात पाणी होतं हेमराज."

"मंग सांगाले नाई पायजे होतं?"

"सांगाचं होतं. शनिवारी सांगतो, रविवारी सांगतो. मंग एक रविवार माहा पंखा लावून पाहिला, म्हतलं एकदा बोट पळू दे, मंग सांगू. ती पळाली. तू पोरासारखा नाचला काठावर." अश्वजितनं समोरचा पंखा उचलून परत ठेवला. मग हळूच म्हणाला, "वहिनीनं विनंती केली, भाऊजी, नका सांगू. पेटी हाच जीव आहे त्यायचा. तू लावलेली मंडळाची पेटी परत सुरात लावून आणाले मीच नागपूरले नेत होतो, माह्या स्कूटरवर."

हेमराजनं शकुंतलाबाईंकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर तिला रडताना पाहिलं असतं, आणि मग पुढचं बोलता आलं नसतं. "रोज सकाळी पंचशील म्हणतो ना तू? खोटं न बोलाचं शील म्हणतो ना? ते म्हणताना जीभ कशी नाई अडखळली तुही?"

"अडखळते," अश्वजित म्हणाला. "दोन सालं झाले, त्याच ओळीपाशी रोज अडखळते. बायको इचारते, काऊन थांबले." तो खाली बघत राहिला. "पण हे मले माह्या धम्मानं नाई शिकवलं भाऊ. हे तुमच्या महाराजानं शिकवलं. तो नावाडी नाई का? मी बाहेर निंबाखाली बसलो होतो, तुही वाट पाहत. कीर्तन सुटलं अन् तू बाहेर आला, गालावरचं पाणी बी पुसलं नव्हतं. मले म्हणाला, मास्तर, अशी माणसं भेटाले भाग्य लागते. आठवते?"

आठवत होतं. न आठवून कसं चालेल? भैय्याजी महाराजांचं ते आख्यान म्हणजे मंडळाचा दागिना. एका गावच्या नावाड्याची दृष्टी जाते. त्याच वर्षी वरती बांध घातला जातो, नदी आटते, गुडघाभर उरते. नाव वाळूत रुतलेली. पण नावाड्याला कोण सांगणार? त्याचा सगळा जन्म वल्ह्यात. म्हणून गावकरी रोज सकाळी नावेत बसल्यासारखं बोलतात, भाडं देतात, खाली उतरून खांद्यावर नाव उचलतात आणि पाण्यातून चालत पैलतीराला नेतात. आंधळा वर बसून हवेत वल्हं मारतो, गातो. आणि एका सकाळी गावकऱ्यांना नाव अचानक हलकी लागते, बघतात तर मागच्या बाजूला एक अनोळखी काळासावळा माणूस खांदा देऊन उभा. इथे महाराज दोन्ही हात वर करायचे, चिपळी थांबायची, मृदंगावर एकच थाप पडायची, आणि अख्खा मंडप विठ्ठल विठ्ठल करत उठायचा. हेमराजच्या बोटांखाली त्या क्षणी पेटी आपोआप भरून यायची. किती वेळा रडला होता तो त्या जागी. गावकऱ्यांसाठी रडला होता. त्या सावळ्यासाठी रडला होता. वरती बसून हवेत वल्हं मारणारा तो म्हातारा, त्याला कुणी विचारलं होतं? त्याचं वल्हं पाण्याला लागत नाही हे त्याच्या दंडांना कळलं नसेल? एखाद्या दिवशी त्यानं हात खाली सोडला असेल आणि बोटांना पाण्याऐवजी कुणाचं तरी डोकं लागलं असेल, ओले केस, वाकलेली मान, तेव्हा? आख्यानात ते कधी आलं नाही. महाराज तिथवर गेलेच नाहीत. "जा मास्तर," हेमराज म्हणाला. "डबा पाठवून देजो." अश्वजित उठला, दारात थांबला, काहीतरी म्हणाला, आणि ते हेमराजला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायची लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला ऐकू न आल्याचं ऐकू आलं.

डबा सोमवारी सकाळीच ओट्यावर आला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत मऊ कपड्यात गुंडाळून एकेक पंखा, प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. मास्तरच तो, खोटंसुद्धा नीट लावून ठेवलेलं. हेमराजनं नवांवरची नऊ टिंबं अंगठ्यानं चाचपली. आठवडाभर तो आपल्या पेटीच्या दुकानात गेला नाही, शकुंतलाबाईंशी मीठ-पाण्यापुरतं बोलला. ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती मात्र त्याच्याकडे आजारी माणसाकडे पाहतात तशी पाहायची, आणि आता त्याला त्या नजरेचं वय कळत होतं, ती नजर दोन वर्षं जुनी होती. गुरुवारी एकादशीचं कीर्तन. जायचं नाही असं ठरवून तो धोतर नेसला आणि गेला. पूर्वरंग झाला, हार-बुक्का झाला, आणि उत्तररंगाला महाराजांनी नेमका नावाडीच काढला. ठरवून नव्हे. महाराजांना अजून काही माहीत नव्हतं, की होतं? हेमराजला आता कुणाच्याही चेहऱ्यावरून काही ठरवता येईना. मंडपात तेच लोक, तीच सतरंजी, डावीकडे रक्षा आपली पेटी घेऊन मान खाली घालून बसलेली. पोरीची बोटं सुंदर चालत होती. महाराज नदीच्या पात्रात उतरले, गावकऱ्यांनी नावेला खांदे लावले, चिपळी थांबली, थाप पडली, सगळा मंडप उठला, आणि हेमराजनं भात्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

पेटी वाजतच राहिली. त्याची बोटं पट्ट्यांवर नुसती टेकलेली, भाता मिटलेला, आणि सूर मंडपात काठोकाठ भरलेला, एक कडी तुटली नाही, एक मान वळली नाही. महाराजांनी डोळेही उघडले नाहीत. फक्त रक्षानं एकदा कडेनं पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत आश्चर्य नव्हतं, भीती होती, चोरी पकडली गेल्यावर असते तशी. कितीतरी महिने ही पोर एकटीच दोघांचं वाजवत होती. हेमराजला तिची दया आली. विठ्ठल विठ्ठल चाललं होतं. त्यानं समोरच्या मूर्तीकडे पाहिलं. कमरेवर हात ठेवून तो उभा होता, आणि आज हेमराजला ते हात मोकळे दिसले, कुणाच्याही नावेला न लावलेले. तूही त्यांच्यातलाच, तो मनात म्हणाला. तूही मागून खांदा दिलास. मला सांगितलं नाहीस. इतकं त्याच्याशी भांडल्यावर त्याला थोडं हलकं वाटलं, कारण भांडायला तो अजून होता.

रविवारी सकाळी तो एकटाच बोट पिशवीत घालून एसटीनं जामला उतरला. पिशवीत बिस्किटांचा डबा होता. नऊपैकी शेवटचा घासलेला पंखा त्यानं घरीच, स्वतःच्या हातानं बसवला होता. चैत्राच्या उन्हानं तलाव आत सरकला होता, कडेला चिखलाच्या भेगा, मधे मात्र पाणी चमकत होतं. धर्मेंद्र आपली बोट पुसत बसला होता. त्यानं मान वर केली. "काका, एकटेच? मास्तर रुसले काय?" आणि मग पलीकडे पाहून, "नाई नाई, ते पाहा, उभे आहेत." पलीकडच्या बांबूशी अश्वजित उभा होता. पांढरा सदरा, हातात स्टॉपवॉच. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. हेमराजनं त्याच्याकडे न पाहता बोट पाण्यात ठेवली. या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत. रिमोटवर अंगठा दाबला. त्याच्या कानात काहीतरी घुमलं, लांबचं, गोड, काळी दोनच्या जवळचं. पण त्याच वेळी धर्मेंद्रचं तोंड वाकडं झालं आणि हात कानाकडे गेला, अर्ध्यात थांबला, आणि धर्मेंद्रनं तो डोक्यावरून फिरवून केस सारखे केले. हे पोरगंसुद्धा. दोन वर्षं हेही वाकून खांदा देत होतं. बोट मागची बाजू खाली करून, नांगरासारखी पाणी फाडत, रखडत निघाली. पहिला बांबू गेला. मोटर पूर्ण जोरात आणि बोट बैलगाडीच्या चालीनं. बाजूच्या भोकातून धार येते का हे तो डोळे ताणून बघत होता. आली नाही. वेग नाही म्हणून नळीत पाणी नाही, पाणी नाही म्हणून आतली डबी तापली, आणि दोन बांबूंच्या बरोबर मधे, तलावाच्या पोटात, बोट थांबली.

"बंद पडली!" धर्मेंद्र म्हणाला, आणि लगेच, मऊ आवाजात, "होते कधी कधी काका. बॅटरी असन." पलीकडच्या काठावर अश्वजितनं घड्याळ खिशात टाकलं, पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला आणि तो पाण्यात उतरला. चिखलात पाय रुतत होते, तो तोल सांभाळत येत होता, गुडघाभर, मग मांडीभर. बोटीपाशी पोचला. वाकला. दोन्ही हात बोटीखाली घातले आणि तिला उचलली. तळातून पाणी गळत होतं. ओले हात, वाकलेली मान. हेमराजच्या तोंडून जे निघालं ते त्यालाही अनोळखी होतं, सबंध तळ्यावर गेलं. "ठेव खाली!"

अश्वजित तसाच थांबला, बोट छातीशी.

"खाली ठेव मास्तर! पाण्यात ठेव तिले!"

अश्वजितनं बोट हळूच पाण्यावर ठेवली आणि हात मागे घेतले. पण तो बाजूला झाला नाही, तिथंच पाण्यात उभा राहिला. ऊन चढत होतं. तापलेली डबी गार व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तिघं माणसं, एक काठावर बसलेला, एक उभा, एक पाण्यात, नुसती एका बोटीकडे बघत राहिली. मग हेमराजनं अंगठा किंचित दाबला. बोट हलली. फिरली. काठाकडे तोंड करून, माणूस पायी चालतो त्याहून हळू, ती निघाली. तिच्यामागे पाण्यावर दोन रेघा उमटत होत्या, डावीकडून खाली उतरणाऱ्या वाटल्या त्याला. कानात आता काहीच नव्हतं.

"आवाज येऊन राह्यला का?" त्यानं विचारलं.

"येते," अश्वजित पाण्यातून म्हणाला.

"कसा येते?"

अश्वजितनं घसा खाकरला. धर्मेंद्रनं दुसरीकडे पाहिलं. बोट अर्ध्या वाटेत होती.

"कसा येते मास्तर? खरं सांग."

"फाटका," अश्वजित म्हणाला. त्याचा आवाज मात्र हेमराजला स्वच्छ ऐकू आला. "लय फाटका येते हेमराज. कानाले सहन नाई होत."

हेमराजनं मान हलवली. बोट काठाला येऊन चिखलात टेकली तेव्हाच त्यानं अंगठा उचलला. वाकून ती घेतली, उलटी केली, पंखा काढला, बुंध्यावरून अंगठा फिरवला. टिंब होतं. त्यानं तो पंखा डब्यात ठेवला नाही, सदऱ्याच्या खिशात टाकला. मग बोट पिशवीत घातली आणि जामच्या रस्त्याकडे चालू लागला. मागे पाण्यातून पाय ओढत कुणी येत होतं की नाही, हे कळायला आता वळून पाहण्याशिवाय उपाय नव्हता. फाट्यापर्यंत तो वळला नाही.